भिंतीतली ओल: पाणी शिरतं तासांत, निघायला महिने का लागतात?

जोत्याचा_दगड

दर पावसाळ्यात या मंचावर भिंतीच्या ओलीवर धागे निघतात आणि बहुतेकांचा शेवट एकाच सल्ल्यावर होतो: आतून वॉटरप्रूफ रंग मारून घ्या. माझा या सल्ल्याला ठाम विरोध आहे. त्याने भिंत सुकत नाही, ओल आत कोंडली जाते. हे का होतं ते एकदा नीट मांडावं म्हणून हा स्वतंत्र धागा. मी बांधकाम साहित्याच्या तपासणीत काम करतो. विटा, गिलावा, काँक्रीट यांचे तुकडे भिजवणं, सुकवणं, तोलणं हेच रोजचं काम.

मूळ मुद्दा एवढाच, की भिंतीत पाणी शिरतं ते पाणी म्हणून आणि बाहेर पडतं ते वाफ म्हणून. दोन्ही वाटा निराळ्या आणि त्यांचा वेगही निराळा.

एक कोरडी लाल वीट ताटलीत बोटभर पाण्यात उभी करून बघा. लगेच बारीक चुरचुर ऐकू येते आणि कडेने बुडबुडे सुटतात. छिद्रांतली हवा पाण्याला जागा करून देत असते. मग खालून गडद पट्टा वर चढायला लागतो. त्याची कड सरळ नसते, कुठे पुढे धावते तर विटेत खडा आला की अडते. सुरुवातीचं अंतर भराभर कापलं जातं, नंतर चाल मंदावते. पाणी जितकं आत जायचं, त्या अंतराच्या वर्गाच्या हिशेबात वेळ लागतो. पहिल्या सेंटिमीटरला १० मिनिटं लागली, तर दोन सेंटिमीटरला एकूण ४० आणि तीनला ९०. हे गणित लुकास या संशोधकाने १९१८ मध्ये आणि वॉशबर्न या दुसऱ्या संशोधकाने १९२१ मध्ये मांडलं. ओढणारी शक्ती म्हणजे शाळेत शिकलेलं केशाकर्षण. नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं, हा ज्युरिनचा नियम १७१८ सालचा.

वीट पिते तरी किती? आयएस १०७७ या विटांच्या भारतीय मानकानुसार साध्या विटेने २४ तास बुडवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी घेऊ नये. म्हणजे ३ किलोच्या विटेने ६०० ग्रॅम पाणी घेतलं तरी ती पास.

आता तीच वीट टेबलावर सुकायला ठेवा. सुरुवातीला आतलं पाणी छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत येत राहतं आणि तिथून उडून जातं. हात लावला तर वीट गार लागते. या टप्प्यात वेग ठरवते ती बाहेरची हवा: तिच्यातली आर्द्रता, वारा, ऊन. पुढे एक वेळ अशी येते, की आतलं पाणी पृष्ठभागाशी जोडलेलं राहत नाही. ओलीची सीमा आत सरकते आणि तिथून पुढे वाफेला कोरड्या छिद्रांतून वाट काढत बाहेर यावं लागतं. ही वाट रोज लांबत जाते. वीट वरून कोरडी दिसते, गारही लागत नाही, पण काट्यावर ठेवली तर आत भरपूर पाणी शिल्लक असतं. भिंत 'सुकली' म्हणून रंगाचा डबा उघडला जातो तो नेमका याच टप्प्यावर.

त्यात मुंबईची हवा. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. जुलैत आर्द्रता ८५ टक्के असली तर त्यातले साधारण २६ ग्रॅम आधीच भरलेले. उरली चारेक ग्रॅमची जागा. डिसेंबरच्या दुपारी २८ अंश आणि ५० टक्के असेल तर तेरा-चौदा ग्रॅमची जागा मोकळी असते. हवा जुलैपेक्षा थंड, तरी सुकवण्याची ताकद तिप्पट.

लालबागची_लेक

फार उपयोगी धागा. आमची चाळ जुनी, घर तळमजल्यावर. मोरीच्या बाजूची भिंत गुडघ्याच्या वरपर्यंत कायम ओली, रंगाचे पोपडे सुटतात, खाली वाळूसारखा भुगा पडतो. गेल्या वर्षी एकाने सांगितलं म्हणून चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या. यंदा टाइल्सच्या वर, जिथे पूर्वी कधी ओल नव्हती, तिथे डाग आलाय. पाणी वर कसं काय चढलं?

सातवा_मजला

+१, मलाही हाच प्रश्न आहे. आणि छिद्रं इतकी बारीक असतात तर पाणी दोन-तीन फुटांवर थांबतं तरी का? आणखी वर का जात नाही?

जोत्याचा_दगड

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

विटेतली छिद्रं साधारण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येची धरली, तर ज्युरिनच्या नियमाने पाणी जवळजवळ १५ मीटर चढायला हवं. चढत नाही, कारण भिंत दोन्ही अंगांनी सतत सुकत असते. खालून जेवढं पाणी येतं तेवढंच वर जाता जाता उडून जातं, तिथे ओलीची रेघ थांबते. साध्या भिंतीत ती बहुधा मीटरभराच्या आसपास असते. उंची केशाकर्षण एकटं ठरवत नाही, येणारं आणि उडणारं पाणी यांचा तोल ठरवतो.

टाइल्स लावल्या म्हणजे त्या चार फुटांतून उडून जाण्याची वाट बंद केली. खालून येणारं पाणी तेवढंच राहिलं. त्याला उडून जायला उघडी भिंत हवी, म्हणून ते टाइल्सच्या वर गेलं. आतून जाड ऑइल पेंट किंवा वॉटरप्रूफ रंग लावला तरी हेच होतं. फरक इतकाच, की रंगाला फोड येऊन तो आधी सुटतो.

ताई, तुमच्याकडे पाण्याचे दोन उगम असू शकतात. एक, जमीन. जुन्या चाळींच्या जोत्यात ओल अडवणारा थर बऱ्याचदा नसतो किंवा निकामी झालेला असतो. दुसरा, मोरीचा सांधा आणि नळी. आधी मोरी तपासा, ते स्वस्त आहे. दोन दिवस मोरी पूर्ण बंद ठेवता आली आणि नळातही पाणी सोडलं नाही, तर नळीच्या गळतीचा डाग गडद होणं थांबतं. जमिनीची ओल असेल तर काहीच फरक पडणार नाही.

ठेकेदार_माहीम

मी याच धंद्यात आहे, म्हणून थोडा विरोधी सूर. भिंत श्वास घेते, सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा करा वगैरे ऐकायला छान, पण गिऱ्हाइकाला गणपतीच्या आधी खोली स्वच्छ हवी असते. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी आता सहज मिळत नाहीत, चुना मुरवायला वेळ लागतो, आणि मिळाले तरी मजुरी परवडत नाही. सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगचं केमिकल टाकून दोन हातांचं प्लास्टर केलं की काम टिकतं, हा माझा अनुभव.

शिवाय पाणी आत येऊ देण्यातही धोका आहे. काँक्रीटच्या खांबात ओल गेली की सळई गंजते. गंज लोखंडाहून कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फोडून काढतो. समुद्राजवळच्या इमारतींत मिठामुळे हे आणखी लवकर होतं. तिथे 'वाळू द्या, थांबा' म्हणत बसायचं का?

जोत्याचा_दगड

काँक्रीटच्या बाबतीत तुमचं पूर्ण बरोबर. आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, खांब-बीममध्ये बाहेरून पाणी आणि मिठातलं क्लोराइड अडवणं हाच पहिला उपाय, त्यात दुमत नाही.

माझा आक्षेप जागेला आहे. बाहेरून, म्हणजे जिथून पाणी येतं त्या बाजूने, अडवा. आतून अडवलं तर पाणी भिंतीतच राहतं. तुमच्या केमिकलवाल्या प्लास्टरने आतली बाजू टिकते, हे मान्य. पण तळमजल्याच्या जुन्या वीटभिंतीत ती ओल दुसरी वाट शोधते: शेजारच्या खोलीत, लाकडी चौकटीत, नाहीतर प्लास्टरच्या वरच्या कडेला. वर ताईंचं उदाहरण आहेच.

एक गोष्ट कामावर उपयोगी पडेल. पाणी जाड छिद्रांतून बारीक छिद्रांकडे जातं, उलट सहसा जात नाही. म्हणूनच फरशीखाली जाड खडीचा थर घालतात. खडीच्या पोकळ्या इतक्या मोठ्या असतात, की जमिनीतलं पाणी त्यांतून वर ओढलं जात नाही. आणि म्हणूनच खडबडीत, सच्छिद्र गिलाव्यावर गुळगुळीत पुट्टी लावली की पुट्टी खालच्या थरातलं पाणी स्वतःकडे खेचते. पहिला डाग पुट्टीवर उमटतो आणि दोष बिचाऱ्या रंगाऱ्यावर येतो.

कुर्ल्याची_वाट

मला एक गोष्ट विचारायचीच आहे. २६ जुलै २००५ ला (सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस) आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत पाणी होतं, नाल्याचं घाण पाणी. पुढे सगळं सुकलं, प्लास्टर बदललं नाही, रंग मात्र अनेकदा दिला. तेव्हापासून दर जुलैत त्याच उंचीवर भिंतीला ओलसर पट्टा येतो. दिवाळीनंतर आपोआप नाहीसा होतो. तिथे नळ नाही, बाहेर जमीनही नाही, मधली भिंत आहे. पाणी येतं कुठून?

दगडी_वारसा

याचं उत्तर मी देतो, कारण जुन्या इमारतींच्या दगडकामात आम्ही रोज हेच पाहतो. पाणी हवेतून येतं. तुमच्या भिंतीत क्षार आहेत.

पुराचं पाणी सुकताना वाफ उडून गेली, पण त्यात विरघळलेलं मीठ मागे राहिलं. पाणी जिथपर्यंत चढलं आणि जिथून उडालं तिथेच क्षार साचले, म्हणून पट्टा त्याच उंचीवर. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. सांडपाण्यातून येणारे नायट्रेट तर आणखी लोभी. कॅल्शियम नायट्रेट सुमारे ५० टक्क्यांनाच ओलं होतं. भिंतीत नवीन पाण्याचा थेंब न येता भिंत ओली दिसते ती यामुळे.

आपल्याकडे याला लोणा लागणं म्हणतात. पांढरी बुरशीसारखी लव वर आली तर तेवढी चिंता नको, कोरड्या ब्रशने झाडून काढता येते. पाण्याने मात्र धुऊ नका, क्षार परत आत जातात. खरं नुकसान होतं ते स्फटिक पृष्ठभागाच्या आत तयार झाले तर. सुकण्याची सीमा आत सरकते असं जोत्याचा_दगड यांनी लिहिलंय, ती सीमा जिथे असते तिथे मीठ साचतं. स्फटिक वाढताना छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात आणि आख्खा पापुद्रा सुटतो. सोडियम सल्फेट सगळ्यांत वाईट. ते पाण्याचे १० रेणू घेऊन स्फटिक बनतं तेव्हा त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं.

फोर्टमधल्या जुन्या इमारतींत पिवळसर कुर्ला दगड आणि पोरबंदरचा चुनखडीचा दगड दोन्ही दिसतात. राजाबाई टॉवर कुर्ला दगडातला आहे. अशा दगडांच्या सांध्यांत पूर्वी चुना होता. चुना दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र, त्यामुळे पाणी आणि क्षार सांध्यातून बाहेर पडायचे, झिजायचा तो सांधा. दर काही दशकांनी सांधे पुन्हा भरायचे, दगड शाबूत. नंतरच्या दुरुस्त्यांत सिमेंट भरलं गेलं तिथे पाण्याला दगडातूनच बाहेर पडावं लागतं. एखाद्या भिंतीजवळ जाऊन बघा. सिमेंटची रेघ ताठ पुढे आलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड बोटभर आत खाल्लेला असतो. त्यावर नख फिरवलं तर पिवळी पूड हाताला लागते.

ठेकेदार साहेब, चुना परवडत नाही हे घरगुती कामात खरं असेल. पण दगडी इमारतीत सिमेंट वापरणं त्याहून महाग पडतं, कारण दगड परत आणता येत नाही.

कुर्ल्याची_वाट

मनापासून धन्यवाद. इतकी वर्षं आम्ही वरच्या मजल्याशी वाद घालत होतो. मग उपाय काय?

दगडी_वारसा

त्या पट्ट्याच्या वर-खाली प्रत्येकी फूट-दीड फुटापर्यंतचं प्लास्टर विटेपर्यंत काढून टाका, क्षारांचा मोठा साठा त्यातच असतो. मलबा लगेच घराबाहेर न्या, जमिनीवर राहू देऊ नका. वीट उघडी ठेवून कोरडा ऋतू जाऊ द्या. दगडी कामात आम्ही चिकणमाती आणि कागदाच्या लगद्याचा ओला लेप लावतो. बारीक छिद्रांचा लेप सुकताना आतलं खारं पाणी स्वतःत ओढतो, मग तो सोलून फेकायचा. असं पुन्हा पुन्हा करावं लागतं. घरच्या मधल्या भिंतीला प्लास्टर बदलणं बहुधा पुरेसं होईल.

सातवा_मजला

माझा प्रश्न वेगळा. बोरिवली पश्चिम, सातवा मजला, पश्चिमेची भिंत. जमिनीची ओल शक्यच नाही. पावसाची झड आडवी येते आणि दोन दिवसांत आत डाग. सोसायटीने बाहेरून रंग देऊन फार काळ झालेला नाही.

जोत्याचा_दगड

तुमच्याकडे बहुधा केसाएवढ्या भेगा. रुंद भेगेतून पाणी बरंचसं ओघळून जातं, बारीक भेग ते धरून ठेवते आणि आत ओढते, वर वाऱ्याचा दाब. रंगाचा थर नवा असला तरी खालचं प्लास्टर हललं की तो त्याच रेघेवर फाटतो. कोरड्या दिवशी भिंतीवर पाणी शिंपडा आणि सुकताना पाहा. बाकी भिंत फिकी झाली तरी भेगांच्या रेघा काही वेळ गडद राहतात. गॅलरीतून हात पोचेल तेवढ्यावर सहज दिसतं.

आधी भेगा खोबणी करून लवचिक सीलंटने भरायच्या. मग बाहेरून सिलेन-सिलॉक्सेन जातीचं द्रव्य. ते छिद्रं बुजवत नाही, छिद्रांच्या आतल्या बाजूला पाणी चिकटू देत नाही. पाणी आत ओढलं जात नाही पण वाफ बाहेर पडते. भेग मात्र ते भरू शकत नाही, त्यामुळे क्रम उलटा केला तर पैसे वाया.

पार्ल्याची_माई

आमच्या हॉलच्या भिंतीला फक्त रात्री घाम येतो, सकाळी बोटाने रेघ ओढता येते. पलीकडे मुलाची एसीची खोली. प्लंबरने नळी फोडून पाहायची म्हटलंय. फोडू का?

जोत्याचा_दगड

माई, अजिबात फोडू नका. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली वाफेचं पाणी होतं तो, सुमारे २७ अंश असतो. पलीकडे एसी २२-२३ वर असेल तर मधली भिंत २७ च्या खाली सहज जाते आणि हॉलच्या हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. खात्री करायची तर प्लास्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या तुमच्या बाजूला आले तर हवेतलं पाणी, भिंतीच्या बाजूला आले तर भिंतीतलं. एसी २६ वर ठेवा, हॉलमध्ये पंखा चालू ठेवा.

शिवडी_गच्ची

गच्चीबद्दल कोणी लिहिलं नाही. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर. पाऊस थांबून महिना झाला तरी छत गळतं. सेक्रेटरी म्हणतात टाकी गळतेय, टाकी तर कोरडी आहे.

ठेकेदार_माहीम

हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. तुमच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असणार. स्लॅबवर उतार देऊन विटांचे तुकडे सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसवायचे, वरून सिमेंटचा घोटलेला थर किंवा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे). जोवर वरचा थर अखंड तोवर उत्तम. एकदा तडकला की चार-पाच इंच जाडीच्या विटा पाणी पिऊन बसतात. वरून उन्हाने फक्त कातडी सुकते आणि आतलं पाणी हळूहळू स्लॅबच्या भेगेतून खाली येत राहतं. थेंब जिथे पडतो त्याच्या वरच तडा असेल असंही नाही. उताराने पाणी कुठून कुठे जातं.

यात मी जोत्याचा_दगड यांच्या बाजूने आहे. ऑक्टोबरात ओल्या कोब्यावर लिक्विड मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ लेप) मारून देणारे खूप आहेत. पहिल्या कडक उन्हात आतल्या पाण्याची वाफ होते आणि मेम्ब्रेनला पापडासारखे फोड येतात. मी गच्चीचं काम मार्च ते मे यातच घेतो, आणि कोबा फारच मुरलेला असेल तर तो काढूनच. काम झाल्यावर गच्चीवर पाणी साठवून निदान एक दिवस चाचणी घेतल्याशिवाय बिल देऊ नका.

लालबागची_लेक

मोरी दोन दिवस बंद ठेवली. शेजारच्या काकूंकडे सोय केली. डाग तसाच आहे, तसूभरही फिका झाला नाही. म्हणजे जमिनीचं पाणी. आता टाइल्स काढायच्या का? आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) भाड्याने मिळतो, तो लावला तर लवकर सुकेल का?

जोत्याचा_दगड

दोनच दिवसांत फिका व्हायला हवा होता असं नाही, त्यामुळे एवढ्यावरून पक्कं सांगता येत नाही. पण ओल टाइल्सच्याही वर चढली आहे, म्हणून संशय जमिनीवरच.

डीह्युमिडिफायर आता लावू नका. जमिनीतून पाणी येतच राहणार, यंत्र तेच उपसत बसेल, वर विजेचं बिल. शिवाय खोली जितकी कोरडी तितकं पाणी भिंतीतून जोरात ओढलं जाईल आणि क्षार अधिक येतील. ते यंत्र पुरानंतर किंवा नळी फुटल्यावर कामाचं, म्हणजे उगम बंद झाल्यावर. तेव्हासुद्धा घाई नको. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटच्या जवळपास उष्णता लागते आणि ती भिंतीपर्यंत पोचावी लागते.

टाइल्स काढा, पण पावसाळा संपल्यावर. सिमेंटचं जुनं प्लास्टरही त्याबरोबर विटेपर्यंत काढा. जोत्याच्या पातळीवर भोकं पाडून सिलेनचं क्रीम भरतात, ते विटेच्या सांध्यात पसरून ओल अडवणारा थर तयार करतं. हे काम मसाल्याच्या सांध्यात करायचं, विटेत नाही, आणि भोकं एका सरळ रेषेत पाडायची. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांना बरोबर घ्या, अर्धी भिंत करून उपयोग नाही. नंतर उघडी वीट हवेवर ठेवा. एका बाजूने सुकणाऱ्या काँक्रीटला इंचाला महिना असा ठोकताळा आहे. नऊ इंची वीटभिंत दोन्हीकडून उघडी असली तरी कोरडा ऋतू पूर्ण जाईल असं धरून चला. मग चुन्याचा किंवा चुना जास्त असलेल्या मसाल्याचा गिलावा आणि साधा डिस्टेंपर.

लालबागची_लेक

सुकली हे कळणार कसं? ओल मोजायचा मीटर विकत घ्यावा का?

जोत्याचा_दगड

दोन टाचण्यांचा मीटर लोणा लागलेल्या भिंतीवर विश्वासाचा नाही. तो विद्युतवाहकता मोजतो, आणि क्षार असले की कोरडी भिंतही ओली दाखवतो. त्यापेक्षा गवंड्याला ड्रिलने भिंतीत तीन-चार इंच आतून विटेची पूड काढायला सांगा. ड्रिल हळू चालवायचं, नाहीतर तापून पाणी तिथेच उडतं. पूड लगेच घट्ट झाकणाच्या डबीत भरा. सोनाराच्या काट्यावर तोला, १०५ अंशाला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, पुन्हा तोला. फरक भागिले कोरडं वजन. जानेवारीत एकदा काढा, मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा, त्याच उंचीवर पण शेजारच्या जागी. आकडा उतरत असेल तर उपाय लागू पडला. मार्च ते एप्रिल आकडा हललाच नाही आणि दोनेक टक्क्यांच्या आत असला, तर गिलावा करून घ्या. हललाच नाही पण दहा टक्क्यांवर अडला, तर भोकं नीट भरली गेली नाहीत. तेव्हा रंग न देता मला इथेच आकडे टाका.